चारी बाजूंनी पाणी पाहिजे

सरपंचाची निवड जवळ आली की आमच्याकडे मेंबरांना सहलीला न्यायची रीत आहे. निवडून आलेले मेंबर मोकळे सोडले, तर पलीकडचा पुढारी त्यांना गाठतो आणि माणूस फिरतो. म्हणून आपली माणसं गावाबाहेर ठेवायची, खाऊ-पिऊ घालायची आणि थेट मीटिंगलाच आणून बसवायची. याला कोंडून ठेवणं म्हणायचं नाही, देवदर्शन म्हणायचं.

पुणतांब्याजवळचं आमचं गाव. पंचायत सात मेंबरांची, त्यात चार आम्ही, तीन पलीकडचे. आमच्यातले दादा सरपंच होणार हे ठरलेलं. ठरवलं होतं अर्थात दादांनीच. बक्कळ ऊस, घेरदार पोट आणि त्या खुर्चीवर अडकलेला जीव. वडील सरपंच होते, थोरला भाऊ झाला. आपण राहिलो तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे त्यांचं रोजचं रडगाणं होतं.

मागच्या खेपेला त्यांनी मेंबर महाबळेश्वरला नेले होते. तिथून एक जण सकाळी तांब्या घेऊन जो गेला, तो यष्टीत बसून पलीकडच्यांच्या ओसरीवर उगवला. एका मतानं दादा पडले. तेव्हापासून त्यांनी डोक्यात एकच घेतलं.

"जमिनीवर कुटंबी न्या, मानूस पळतोच. चारी बाजूंनी पानी पायजे!"

दुष्काळाच्या आदल्या सालची ही गोष्ट. उसाला भाव होता, त्यामुळे असल्या कल्पना तडीस जात. आम्ही रेल्वेनं मद्रासला आणि तिथून बोटीनं अंदमानला गेलो. जिथं इंग्रज कैदी पाठवत, तिथं आमचे दादा मेंबर घेऊन गेले. इंग्रजांचा अभ्यासही तोच होता म्हणा.

आम्ही चौघं. दादा. मी, नुकताच निवडून आलेला आणि फुकटच्या सहलीला हपापलेला. तिसरा पैलवान, दादांचा खास माणूस. गावात बैल अंगावर घेणारा हा गडी बोटीत पहिल्या लाटेला आडवा झाला तो अंदमान येईपर्यंत उठला नाही. आणि चौथे तात्या. तात्या बौद्धवाड्यातून निवडून आलेले, रेल्वेत रुळांवर काम करून निवृत्त झालेले, काटकुळे, बोलायला कमी. त्यांचं मत मिळालं तरच दादांचे चार होत होते. म्हणून दादा त्यांची पिशवी उचलत, त्यांना चहा ओतून देत, एका ताटात जेवत आणि भेटेल त्याला सांगत, "ह्ये आमचे तात्या. आमी मित्र हाय, मित्र!" गावात दादांच्या ओट्यावर तात्यांचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, हे त्या बेटावर कुणाला ठाऊक असणार?

परत मात्र विमानानं यायचं होतं. विमानातून उतरलेला सरपंच तालुक्यात दुसरा नाही, असा दादांचा हिशेब. विमान आठवड्यातून एकदा, आणि ते गाठलं तरच मीटिंग गाठता येणार होती.

विमानतळ म्हणजे एक पत्र्याची शेड, वारा कळावा म्हणून काठीला लावलेली एक कापडी पिशवी आणि टेकडीला नेऊन भिडवलेली आखूड धावपट्टी. आमचं पुणतांब्याचं स्टेशन त्यापुढं बोरीबंदर वाटलं असतं. एक शिपाई धावपट्टीवरच्या शेळ्या हाकत होता.

शेडमध्ये सामान काट्यावर चढलं आणि जास्त भरलं. भरणारच. दादांनी नारळ घेतले होते, शिंपले घेतले होते आणि निवड झाल्यावर पारावर फुंकायला म्हणून कलिंगडाएवढा एक शंख घेतला होता. काट्यावरचा साहेब म्हणाला, काहीतरी काढा. दादा नारळ सोडायला तयार झाले. शंख? छे! शेवटी त्यांची नजर घरून आणलेल्या लाडू-चिवड्याच्या डब्याकडे गेली. बोटीत पैलवानानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, त्यामुळे डबा निम्मा भरलेला होता.

"टाकायचं कशापायी? खाऊन टाका. पोटातलं कोन मोजतंय?"

आम्ही तिथंच फतकल मारून बसलो आणि डबा रिकामा केला. पैलवान तर उपाशीच होता. त्यानं कसूर ठेवली नाही. दादा ढेकर देत उठले आणि साहेबाला रिकामा डबा वाजवून दाखवला. साहेब म्हणाला, "ठीक है. अब आप लोग आइए, काँटे पर."

आता आली का पंचाईत! माणसं मोजतात हे आम्हाला कुठलं माहीत? पैलवान पहिला चढला, मग मी, मग तात्या. मोजलेल्याला विमानात सोडत होते, पण मी आणि तात्या दादांसाठी थांबलो. दादा चढले आणि काटा पार टोकाला गेला. जन्मभर कारखान्याच्या काट्यावर हुज्जत घातलेला माणूस तो, लगेच ओरडला, "काटा खोटा हाय!" मग एक पाय उचलून उभा राहिला. तरी काटा तिथंच.

साहेबानं हात जोडले. पट्टी आखूड, वारा पडलेला. एक माणूस कमी करावाच लागेल.

दादांनी क्षणभरही विचार केला नाही. तात्या शेजारीच उभे होते.

"तात्याला ठिवा. त्याचं काय अडलंय घरी? तिघं-तिघं झालो तर चिठ्ठी काढतील, बघू मंग."

साहेबानं तात्यांना खालून वर पाहिलं आणि हसला. हे गृहस्थ उतरून काय होणार, म्हणाला, तुमच्या निम्मेही नाहीत. जाड माणूस पाहिजे. तात्यांनी पिशवी खाली ठेवली होती, ती पुन्हा उचलली.

जाड दोनच होते. एक दादा, आणि दुसरा केव्हाच विमानात जाऊन पट्टा आवळून डोळे मिटून बसला होता. दादा शिडी चढून आत गेले, मागोमाग आम्ही.

"पैलवान, उतर. बोटीनं ये मागनं."

"न्हाई."

"आरं, तुझं-माझं काय नातं हाय?"

"दादा, बोटीचं नाव काढलं तर हितंच ओकीन."

लाडू पोटात ताजे होते. धमकी पोकळ नव्हती. आजूबाजूचे प्रवासी सरकून बसले. विमानातल्या बाईनं दादांना दार दाखवलं आणि आमचे भावी सरपंच शंखासकट खाली उतरले. खालून हात हलवत ओरडत राहिले, "मी येईस्तवर मीटिंगला जाऊ नका रं! कुनी जायाचं न्हाई, कोरम मोडा! तात्या, आपन मित्र हाय, इसरू नको!"

तात्या खिडकीपाशी होते. बेट बोटभर होईपर्यंत ते खाली बघत होते. चारी बाजूंनी पाणी होतं, बरं का. पळायला जागाच नव्हती.

मीटिंगच्या दिवशी मी आणि पैलवान घरात बसून राहिलो. कोरमला चार मेंबर लागत; आम्ही तिघं गेलो नाही की पलीकडचे तीनच उरणार आणि निवड पुढं जाणार, इतकं ते सोपं होतं. तात्या धुतलेलं धोतर नेसून गेले. कोपरगावहून आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, तात्यांनी हात वर केला आणि पलीकडचा माणूस सरपंच झाला.

पुढच्या विमानानं दादा आले. दुसऱ्या सकाळी त्यांनी आम्हा तिघांना ओट्यावर बोलावलं. शंख भिंतीशी पालथा पडला होता. दादांचे डोळे लाल होते, आवाज बसला होता. मला त्या माणसाची खरंच कीव आली.

"तात्या, काय कमी केलं रं तुला? एका ताटात जेवलो. त्या लोकांनी तुला काय दिलं? त्यांच्या घरात तर तुला ओट्यावबी चढू देत न्हाईत!"

तेवढ्यात आतून चहा आला. आम्हाला कपबशीतून. आणि दादांच्या घरच्या बाईंनी सवयीनं कोनाड्यात हात घालून कान तुटलेला तो कप काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लांबून चहा ओतून तात्यांपुढं सरकवला. दादांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

तात्यांनी कपाकडे पाहिलं, मग दादांकडे.

"खरं हाय दादा. त्ये ओट्याव चढू देत न्हाईत," ते म्हणाले. "पर त्ये मला मित्र म्हनत न्हाईत."

चहा तसाच ठेवून ते उठले आणि पायऱ्या उतरून गेले. पैलवानानं आणि मी आमचा पिऊन टाकला.