कोणाचं नाव येऊ नये

आमच्याकडे दिवाळीच्या भेटी चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. ही पद्धत अव्वाची, म्हणजे आमच्या आईची. दहा माणसांनी एकमेकांना काही ना काही दिलं की घरात नुसता पसारा होतो, असं ती म्हणायची. म्हणून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि भाऊबीजेला फक्त त्या एका माणसाला भेट द्यायची. अव्वाला लिहिता येत नव्हतं, चिठ्ठ्या मी लिहायचे. याद्या करणं हे माझं लहानपणापासूनचं काम. पुढं कॉलेजच्या ऑफिसात लागले, तिथंही तेच वाट्याला आलं.

अव्वा गेली त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. वर्ष उलटल्यावर मी ठरवलं, ही पद्धत मोडू द्यायची नाही. भाऊ पुण्याला, धाकटी बहीण कुर्डुवाडीला, आम्ही सोलापुरात. चिठ्ठ्या उचलायला आधी एकत्र येणार कसे? ऑफिसच्या कामासाठी मी थोडं कोडिंग शिकले होते, त्यावर एक छोटं वेब ॲप करायला घेतलं. नावं भरायची, बटण दाबायचं, की प्रत्येकाला आपापल्या लिंकवर एकच नाव दिसणार. तीन रविवार गेले.

खरं तर हा सगळा खटाटोप बहिणीसाठी होता. अव्वाचे विधी आटोपून ती गेली, ती माझ्या घरी परत आली नव्हती. फोन उचलायची, बरी आहे म्हणायची आणि ठेवायची. भेट द्यायची आहे म्हटल्यावर तरी येईल, असा माझा हिशेब होता.

पहिल्या चाचणीत भावाला त्याच्याच बायकोचं नाव आलं. त्याचा लगेच फोन आला. "अक्का, हिला मी वर्षभर देतोच की. आता दुसरं कुणीतरी दे."

मुद्दा बरोबर होता. मी एक रकाना वाढवला: कोणाचं नाव येऊ नये? त्यात ज्याचं नाव भरलं त्याच्याशी जोडी लागणार नाही, ना देताना ना घेताना. खाली एक ओळ टाकली: तुम्ही काय भरलं ते कोणालाही दिसणार नाही.

शनिवारी दुपारपर्यंत सगळ्यांचं भरून झालं. कुणाचं काही राहिलं नाही ना, हे बघायला मी ॲपमागचा, फक्त मला दिसणारा तक्ता उघडला. नवऱ्यांनी बायका वगळल्या होत्या, बायकांनी नवरे. मुलांनी रकाना रिकामा सोडला होता. बहिणीच्या ओळीत दोन नावं होती. एक तिच्या नवऱ्याचं. दुसरं, अक्का.

आमच्या घरात अक्का मी एकटीच.

कारण मला शोधावं लागलं नाही. अव्वा माझ्या घरी अंथरुणाला खिळली तेव्हा आम्हा तिघांच्या पाळ्यांचं वेळापत्रक मीच केलं होतं, फ्रिजच्या दाराला लावलं होतं. बहिणीची पाळी गुरुवारपासून. बुधवारी सकाळी तिचा फोन आला, की मन लागत नाही, आजच येऊ का. त्या दिवशी भावाच्या पाळीला भावजय होती. सगळे एकदम आले की नंतरचे दिवस मोकळे पडतात, हा माझा नियम. मी म्हटलं, "तुझी पाळी उद्यापासून आहे. उद्याच ये."

अव्वा त्याच दिवशी चार वाजता गेली. बहीण पोचली तेव्हा आम्ही अव्वाला आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, आम्हा लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी बसवलं होतं. बहीण तिच्यासमोर बसून राहिली.

तक्त्यातून ते नाव मी पुसलं. एक सेकंदाचं काम. मग चहा ठेवला, तो उतू गेला, गॅस पुसला, आणि परत येऊन नाव होतं तसं भरलं. बटण दाबलं. मला मेहुण्यांचं नाव आलं, तिला भावाचं.

भाऊबीजेला ती आली. भावाला ओवाळलं, त्याची भेट दिली, सगळ्यांत हसली. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, ती शेजारी उभी राहून पुसायला लागली. काय बोलायचं त्याचे मुद्दे मी काढून ठेवले होते. त्यातला एकही आठवला नाही.

तीच म्हणाली, "तुला दिसलं ना?"

"हो."

"वाटलंच. तू तपासल्याशिवाय कुटं राहतेस."

मी म्हटलं, "त्या बुधवारी मी तुला ये म्हणायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. तिनं ताट पुसून खाली ठेवलं. "पण मी विचारायलाच नको होतं, अक्का. अव्वा माझीपण होती की. सरळ गाडीत बसायचं सोडून मी तुझी परवानगी मागितली. तुला बघितलं की तेच आठवतं. म्हणून तुझ्याकडचं काही नको वाटतं."

किती दिवस, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मला प्रत्येक गोष्टीची तारीख लागते. मी नळ बंद केला आणि पुढचं ताट तिच्या हातात दिलं. संध्याकाळच्या गाडीनं ती नवरा-मुलाला घेऊन परत गेली.

यंदा लिंक पाठवण्याआधी मी ॲपमध्ये एक बदल केला. त्या रकान्यात कोण काय भरतं ते आता मलाही दिसत नाही. काल बटण दाबलं. मला भावजयीचं नाव आलं. योगायोगानं आलं, की बहिणीनं मला याही वर्षी वगळलं, हे कळायची सोय मी ठेवलेली नाही. भावजयीसाठी साडी बघायला उद्या बाजारात जायचं आहे.