पहिल्या खांबापर्यंतचं अंतर

देवरावकाकांनी शर्यतीचा घोडा जन्मात पाहिला नाही. जवळून पाहिलेला एकमेव घोडा त्यांच्या स्वतःच्या वरातीतला, आणि तोही दोनदा रस्त्यात अडून बसला, असं विजयाकाकू सांगतात. तरी मुंबई-पुण्याच्या रेसचे आकडे मांडणारा भिलाईतला माणूस म्हणून ते ओळखीचे होते. एका साहेबाने बदली झाल्यावर रेसची जुनी पुस्तकं रद्दीत काढली, ती काकांनी उचलून आणली आणि तिथून चाळीस वर्षं हा नाद लागला. पैसा मात्र एकदाही लावला नाही. लोकांना ते खरं वाटायचं नाही आणि काकांचं डोकं फिरायचं.

मी शामसुंदर. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, त्यामुळे डब्याच्या सुट्टीत हे शास्त्र मला ऐकावंच लागलं. घोडा पहिले सहाशे मीटर छत्तीस सेकंदांत गेला असं मी कौतुकाने सांगितलं, की ते चिडत. "पहिले सांग, रेस किती मीटरची? बाराशेची असली तर ठीक. चोवीसशेची असली तर तो जॉकी पागल आहे."

म्हणून त्यांच्या वहीत प्रत्येक अंतराचं पान वेगळं होतं. पानावर त्या अंतराच्या शेकडो शर्यतींची सरासरी, आणि त्या सरासरीशी ताडून घोड्याच्या वेगाला दिलेला आकडा. त्यात आणखी एक मेख ते वारंवार समजावत. वेळ घ्यायचे खांब मैदानावर पक्के रोवलेले असतात आणि ते शेवटाकडून मोजतात. शर्यत सुरू होण्याची जागा तेवढी मागेपुढे होते. त्यामुळे आठशेच्या खांबापर्यंत पोचायला बाराशेच्या शर्यतीत चारशे मीटर पळावं लागतं, अकराशेच्या शर्यतीत तीनशेच. हे विसरून दोन घोड्यांची तुलना करणाऱ्याला काका सरळ गाढव म्हणत.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं पोरांच्या धावण्याच्या एका छोट्या क्लबात वेळ घ्यायला जाऊ लागलो. घड्याळ काकांचं, लिहिणं माझं. बावीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात रायपूरच्या दोन महिन्यांच्या कॅम्पसाठी क्लबला मुलींची एकच जागा मिळाली. दोघी तुल्यबळ होत्या. एक आठशे मीटर पळणारी प्रांजली, ही काकांची नात. दुसरी पंधराशेवाली भूमिका, प्लांटच्या कोक ओव्हनला काम करणाऱ्या हेमराज कापगतेची मुलगी. हेमराजचं गाव भंडाऱ्याकडचं. ड्यूटी कोणतीही असो, मुलीला मैदानावर तो स्वतः सायकलीच्या मागे बसवून आणायचा.

चाचणीच्या दिवशी सकाळभर आठशेच्या शर्यती झाल्या. आम्ही शेवटच्या रेषेपाशी बसलो होतो. पोरी समोरून पहिल्यांदा गेल्या की काका वेळ सांगत आणि मी 'चारशे'च्या रकान्यात लिहीत असे. प्रांजलीचा पहिला फेरा सत्तर सेकंद, दुसरा चौऱ्याहत्तर. मग भूमिकाची पंधराशेची शर्यत लागली. काका बोलत गेले, मी लिहीत गेलो. अठ्ठावन्न, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर.

क्लबचे सचिव केवलराम विचारायला आले. काका म्हणाले, "नात माझी आहे, म्हणून मी तोंडानं काही बोलत नाही. कागद पाहा." कागदावर प्रांजली दुसऱ्या फेऱ्यात चार सेकंदांनी मागे पडली होती आणि भूमिका वीस सेकंदांनी. खाली काकांच्या सुबक अक्षरात शेरा होता, 'सुरुवात फार जोरात, नंतर ढेपाळते.' प्रांजली रायपूरला गेली. हेमराजने त्या शेऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

महिनाभरानंतर एका रविवारी दुपारी काकांनी मला घरी बोलावलं. समोर वही उघडी होती, अकराशे मीटरच्या पानावर.

"शाम, पंधराशेची पोरगी पहिल्यांदा आपल्यासमोरून गेली, तवा किती पळाली होती?"

मी मनात फेरे मोजले. पंधराशेत चारशेचे तीनच पूर्ण फेरे बसतात, म्हणून ती शर्यत रेषेवरून सुरू होतच नाही; उरलेलं अंतर आधी पळून पोरी रेषेपाशी येतात. "तीनशे," मी म्हणालो.

अठ्ठावन्न सेकंदांत तीनशे मीटर, पुढे अठ्ठ्याहत्तरात चारशे. म्हणजे पोरगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने पळाली होती. अशी चाल काकांनी घोड्याच्या आकड्यांत पाहिली असती तर मला फोन करून सांगितली असती.

"अठ्ठावन्नात चारशे पळणारी पोर आपल्या मैदानावर कुठून येईन?" काका वहीकडे बघत म्हणाले. "मले तवाच दिसाले पाह्यजे होतं. दुसऱ्या कोनाच्या पोरीच्या वक्ताले दिसलं असतं."

मला त्यांची कीव आली आणि स्वतःची शरमही वाटली, कारण अठ्ठावन्न लिहिताना माझाही हात क्षणभर अडखळला होता आणि मी गप्प बसलो होतो.

आज सांगतो, उद्या सांगतो करत काकांनी आठ दिवस काढले. मैदानावर जाणं बंद केलं. शेवटी हुडको कॉलनीच्या भाजीबाजारात हेमराजनेच आम्हाला गाठलं.

"काका, तुमी लिहून देल्लं तसंच करून राहिलो," तो अदबीने म्हणाला. "पयला चक्कर तिले मुद्दाम हळू पळवतो. पन टाइम पाच मिनटाच्या वर चालला. अजून हळू करू का?"

काका म्हणाले, "पाहू." आणि मेथीची जुडी तिथेच ठेवून निघाले. मी मागे धावलो आणि भर रस्त्यात त्यांना नाही नाही ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. भूमिका पहिला फेरा पळत होती, पाय आखडून, सांगितल्यासारखी. काकांना पाहून तिने चाल आणखी कमी केली. माझ्याने ते बघवलं नाही.

काकांनी तिला आणि हेमराजला जवळ बोलावून सगळं सांगितलं. कागद दाखवला, तीनशे आणि चारशे समजावले. घोड्यांचा विषय काढला नाही.

"म्हणजे मी बराबर पळत होती?" भूमिकाने विचारलं.

"हो बेटा. एकदम बराबर."

ती बापाकडे वळली. "पापा, मैंने बोला था ना. मी शुरू में तेज नाही भागत. आपने बोला, काका का कागज़ गलत नहीं होता."

काका घाईने म्हणाले, "मी केवलरामले लिहून देतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"कॅम्पचे वीसेक दिवस राहिले काका. आता कोन घेते." मग हेमराज म्हणाला, "प्रांजली तुमची नात हाय, हे मले मालूम होतं. वस्तीतले लोक बोलले बी. मी सगळ्यांसंग भांडलो, का देवरावकाका तसे नाहीत."

मी तसा नाही, एवढंच काकांना म्हणायचं होतं. पण ते म्हणाले, "मी कसा आहो, ते मलेच सांगता येत नाही हेमराज."

हेमराजने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाय, पळ. तुले जसं पळाचं तसं." ती रेषेकडे गेली आणि त्याने खिशातून मोबाइल काढून त्यावर स्टॉपवॉच लावलं.