माझ्या वाटचा तेर्स

मेणबत्ती विझल्याचा वास आला की नवऱ्याला पुरून घरी आलो ती संध्याकाळ आठवते. खारा वारा ओसरीवर येत होता, घरची सगळी क्रुसापुढे गुडघे टेकून तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना म्हणत होती. माझी म्हणायची पाळी आली, पण तोंडातून शब्द फुटेना. रडूही येत नव्हतं. हातातले मणी नुसते गार लागत होते. शेजारी सासूबाई होत्या. त्यांचा तर मुलगा गेला होता. त्या हळूच म्हणाल्या, “तुका जमणा नाय तर रवांदे गो. तुज्या वाटचा मी म्हणतंय. देवाक कळता.” आणि त्यांनी माझ्या वाटचा तेर्स म्हटला. पुढे कितीतरी महिने रोज म्हटला. मग एका दुपारी बांगडे साफ करताना तेर्सातलं ‘आमच्या बापा’ आपसूक माझ्या ओठांवर आलं. दुःख होतं तसंच होतं. आजही फारसं हललेलं नाही; पण त्या दुपारी मी हात न धुताच पुढचं म्हणत राहिले.