आईच्या फोटोतले माझे डोळे

आमच्या लिंगायतांत मयताला निजवत नाहीत, बसवतात. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात हार, तळहातावर इष्टलिंग आणि शेवटी सगळ्यांसोबत एक फोटो. आई गेली तेव्हाही तसा फोटो निघाला. नंतर भिंतीवर लावायला आम्ही तिचा दुसरा फोटो शोधू लागलो, तर घरात एकही धड सापडेना. लग्नाच्या फोटोत मान खाली, बारशाच्या फोटोत पाठ, जावळाच्या फोटोत नुसतं कोपर. प्रत्येक कार्यात ती चुलीपाशी असायची, आणि चुलीपाशी फोटोवाल्याला कोण बोलावतं?

मग तो बसवलेलाच फोटो गंगाखेडच्या स्टुडिओत नेला.

"डोळे उघडून देतो की," स्टुडिओवाला म्हणाला. "आईवानी डोळे कुणाचे हायत?"

आत्यानं माझी हनुवटी धरून मला पुढं केलं. "हिचे घ्या. मायवानीच हायत."

मी स्टुलावर बसले. त्यानं माझा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर माझे डोळे आईच्या चेहऱ्यावर बसवले. घरी सगळे खूश झाले. मला तो फोटो पहिल्या दिवसापासून आवडला नाही, पण दुःखाच्या घरात आवडनिवड कोण विचारतं?

मी तेव्हा नांदेडला शाळेत शिकवत होते. अप्पा राणीसावरगावला एकटे, दादाचं घर लहान, वहिनीची कंबर तर नेमकी अशा वेळीच दुखते. म्हणून बिनलग्नाची लेक थोडे दिवस थांबली, आणि ते थोडे दिवस काही संपेनात. बॅग भरायला घेतली की अप्पा फोटोपुढं जाऊन उभे राहायचे. "बघ, निघाली ही. तूच सांग तिला." मी वर बघायची, तर माझेच डोळे माझ्यावर रोखलेले. स्वतःच्या नजरेला उलट उत्तर कसं द्यायचं? बॅग पुन्हा पलंगाखाली जायची. खऱ्या आईनं मला असं कधीच अडवलं नसतं. मला शिकायला बाहेर तिनंच धाडलं होतं, एसटी सुटेपर्यंत "मागं बघू नको" म्हणत.

यंदा नांदेडच्या त्या शाळेनं पुन्हा रुजू होतेस का म्हणून विचारलं. त्याच सुमारास पिंगळीच्या मावशीकडं लग्नाच्या एका जुन्या अल्बममध्ये मला आई सापडली. पंगतीत उभी, हातात वरणाची बादली, हसत सरळ कॅमेऱ्यात बघणारी. मी अल्बम मांडीवर घेऊन रडले. डोळे माझ्यासारखे नव्हतेच. बारीक, मिश्किल, डावा जरा जास्तच मिटलेला. आत्या साफ चुकली होती. मी तो चेहरा मोठा करून आणला, जुना फोटो उतरवून तिथं लावला आणि शाळेला होकार कळवून टाकला. आता अप्पांना आईनंच सांगावं, पोरीला जाऊ द्या म्हणून.

अप्पा पूजा आटोपून आले आणि थबकले.

"ही कोण हाय?"

"आई. मावशीच्या घरच्या लग्नातली."

"न्हाई. ती अशी बघत न्हवती." ते चिडले नाहीत, घाबरले. भिंतीला हात लावून उभे राहिले. "तिला कुठं नेऊन ठिवलीस?"

"अप्पा, आई हीच हाय. ते डोळे माझे होते."

"तुझे कसे असतील? रोज माझ्याशी बोलायलीय ती."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच परत आलं. मला त्यांचा राग आला, कीव आली, पुन्हा राग आला. उपाशी म्हाताऱ्या माणसापुढं कुणाचा राग किती टिकणार? मी शाळेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पंगतीतली आई साडीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि जुना फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

अप्पा जेवायला बसले. दोन घास खाऊन फोटोकडं बघत म्हणाले, "आता कुठं जाऊ नको बरं का."

"न्हाई जात," मी म्हणाले.