छपरावरचा एक हात

२४ जुलै, सकाळ. काम: गाडीत सामान भरणे. ड्रिल मशीन, सहा मिलिमीटरचे बिट, रबरी पट्टीचं एक भेंडोळं, सिलिकॉनच्या चार नळ्या, पाणी घालायची झारी, जाड दोर, डिझेलची बाटली, चिंध्या. वेल्डिंगची पेटी चाचाने स्वतः आणून ठेवली आणि मुद्दाम आवाज होईल अशी ठेवली. चाचा म्हणजे माझ्या चंद्रपूरच्या वर्कशॉपमधला मिस्त्री. वीस वर्षं लोखंड जोडतोय. त्याच्या कामावर शंका घेतली की तो बोलत नाही, सामान आपटतो.

आदल्या दिवशी आरमोरीकडच्या एका गावातून फोन आला होता. तिथे कोसा रेशीम विणणाऱ्या बायकांचा गट आहे, त्यांच्या शेडच्या कवेलूंच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, छपरात गेल्या हिवाळ्यात मी काच बसवली होती. गटाची अध्यक्ष बोलत होती. काचेखाली चार ठिकाणी गळतंय, पाणी काळं आहे आणि ते मागावर लावलेल्या ताण्यावर, उभ्या धाग्यांवर, पडलंय. पत्रे आणून ठेवलेत. परवा सकाळी सुतार येईल आणि काचेवर पत्रे ठोकेल. मी म्हटलं, मला एक दिवस द्या. ती म्हणाली, परवा सकाळपर्यंत देते, त्याच्या पुढे नाही.

पत्रे ठोकले म्हणजे काय होईल ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. शेडमध्ये सहा माग आहेत. त्यातला काचेच्या बरोबर खालचा माग गटातल्या सगळ्यात वयस्क बाईचा. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने जेमतेम दिसतं. कोशाचा धागा मातीच्या रंगाचा असतो. तो तुटला तर बल्बच्या उजेडात तिला टोक सापडत नाही, आणि तिथे पावसाळ्यात बल्बचाही भरवसा नाही. काच बसण्याआधी तिला मागावरून उठवून कांड्या भरायला बसवलं होतं. चाळीस वर्षं विणलेल्या बाईला कोपऱ्यात बसवून दुसऱ्यांसाठी दोरा गुंडाळायला लावायचं. काच बसली, तशी ती परत मागावर आली. पत्रे बसले की परत कोपऱ्यात.

रस्त्यात मी डिझाइन डोक्यात पुन्हा उलगडून पाहिलं. तीन काचा शेजारी शेजारी, त्यांना धरणाऱ्या चार उभ्या पट्ट्या. काच दुहेरी, मध्ये पातळ थर चिकटवलेली, कारण तिकडे छपरांवर वानरांच्या टोळ्या उड्या मारतात. फ्रेम कवेलूंपेक्षा वीतभर उंच उचललेली, वरच्या बाजूला पत्र्याची झालर कवेलूंच्या खाली सारलेली, खालच्या बाजूला कवेलूंच्या वर सोडलेली. काचेच्या कडेला फट ठेवलेली, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात एवढं लोखंड जवळजवळ दोन मिलिमीटर लांबतं. फट नसेल तर काच तडकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रबरी पट्टी पाणी पूर्ण अडवेल असं मी कधीच धरून चालत नाही. रबर आज ना उद्या वाळतं. म्हणून प्रत्येक पट्टीच्या पोटात दोन्ही बाजूंनी पन्हळ दुमडलेली असते. आत शिरलेलं पाणी तिच्यातून उतरतं आणि पायथ्याच्या भोकातून बाहेर पडतं. चार पट्ट्या, आठ भोकं. चाचा त्यांना नाकं म्हणतो. फ्रेमला सर्दी झाली तर तिथूनच वाहायला पाहिजे, घरात नाही.

मग घरात का वाहत होतं? आणि काळं का?

"जस्त चढवलेलं लोखंड काळं पाणी देत नाई," चाचा मूल गाव मागे पडल्यावर पहिल्यांदा बोलला. "अन् माझी वेल्डिंग गळली असंल, तं उद्यापासून मी सायकलचे पंक्चर काढीन."

मी म्हटलं, मी वेल्डिंगचं नाव काढलेलं नाही.

"पेटी घ्यायला सांगितली ना."

वैनगंगेला पाणी चढलेलं होतं. गडचिरोलीच्या पुढे कठाणी नदीचा पूल आम्ही ओलांडला तेव्हा पाणी हातभर खाली होतं आणि पोलीस अडथळे आणून कडेला ठेवत होते. परतीचा रस्ता संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नव्हतं.

शेडबाहेर भिंतीला पत्रे टेकवून ठेवले होते. नवे कोरे. अध्यक्ष दारातच उभी होती. तिने चहाचं विचारलं नाही. आत सहाही माग बंद होते, बायका भिंतीला धरून उभ्या होत्या. काचेखालच्या मागावर प्लॅस्टिक टाकलं होतं. वयस्क बाईने ते उचलून दाखवलं. ताण्यावर बोटभर रुंदीचे चार डाग, शाईसारखे. मग तिने प्लॅस्टिक परत नीट ओढून घेतलं.

डाग चारही पट्ट्यांच्या खालच्या टोकाशी होते. वेल्डिंग गळली असती तर एका ठिकाणी गळली असती, चारही ठिकाणी सारखी नाही. मी हे चाचाला सांगितलं. त्याने नुसता घसा खाकरला.

वर चढायला शिडी धरली ती त्याच बाईच्या नवऱ्याने. गावातली घरं तोच फेरतो. दर उन्हाळ्यात वानरांनी विसकटलेली कवेलू काढायची, फुटलेली बदलायची, पुन्हा रचायची, हे त्याचं काम. शेडच्या छपराची देखभालही त्याच्याकडेच. माझ्या मागोमाग तोही वर आला. तो कवेलूंवरून चालला तर आवाज होत नव्हता. माझ्या पायाखाली एक कवेलू कचकन वाजलं.

काचेच्या खालच्या कडेला पोचले आणि मला काळ्या पाण्याचा उलगडा झाला. चारही पट्ट्यांच्या पायथ्याला डांबर लावलेलं होतं. नीट, एकसारखं, कुंचल्याने. आठही भोकं बुजलेली. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. पन्हळी काठोकाठ भरल्या होत्या आणि पाणी डांबर धुऊन घेत घरात उतरत होतं.

मी विचारलं, हे कोणी केलं. आवाज चढला असणार, कारण खालचं बोलणं थांबलं.

"मीच केलो," तो म्हणाला. "तुमीच तं बोल्ल्या होत्या बाई, पावसाआधी एक हात मारून घ्या म्हून. मंग आता काऊन विचारून राह्यल्या?"

मी बोलले होते. मेच्या शेवटी मी फोन केला होता, अध्यक्षेने तो ह्याच्याकडे दिला होता आणि मी म्हटलं होतं, काचेच्या कडेने एकदा हात मारून घ्या. म्हणजे मोहाची पानं, काड्या अडकल्या असतील त्या हाताने झाडून काढा. माझ्या वर्कशॉपमध्ये हात मारणं म्हणजे साफ करणं. त्याच्या कामात हात म्हणजे लेप. चुन्याचा हात, गेरूचा हात, डांबराचा हात. जन्मभर छपरातली भोकं बुजवत आलेला माणूस. त्याला छपरात नवीकोरी आठ भोकं दिसली, ती बरोबर बायकोच्या मागाच्या डोक्यावर, आणि वरून माझा निरोप. त्याने घरचं डांबर आणून लावलं होतं.

खालून अध्यक्षेने विचारलं, काय सापडलं. तो माझ्याकडे पाहायला लागला. खाली त्याची बायको उभी होती. तिच्या ताण्याची नासाडी तिच्याच नवऱ्याच्या हातून झाली हे त्यालाही तेव्हाच कळत होतं. मला वेळ नव्हता. पश्चिमेकडून आभाळ भरत आलं होतं, आणि जे झालं ते सरळ सांगणं सगळ्यात कमी वेळाचं होतं. मी म्हटलं, भोकं उघडी ठेवायची होती, मी फोनवर चुकीचं सांगितलं, ती बंद झाली.

"म्हंजे काच बरोबर अन् बोलणं चुकलं," अध्यक्ष म्हणाली. "आता आमी काय करावं? बोलण्यावर पत्रे ठोकावं?"

बायका हसल्या. मी नाही हसले. तिने पत्रे परत पाठवायचं नाव काढलं नाही.

चाचाने ड्रिलची वायर वर फेकली. डांबर गरम झालं की बिटला गुंडाळतं, म्हणून प्रत्येक भोकानंतर बिट काढून डिझेलने पुसावं लागत होतं. पहिलं भोक मोकळं झालं आणि काळं पाणी चिळकांडीसारखं माझ्या मनगटावर आलं, मग आत कुजलेली पानं, मग आणखी पाणी. आतून कोणीतरी ओरडून सांगितलं की एक गळती थांबली. दुसरं, तिसरं, चौथं. सहावं करताना पहिले थेंब कवेलूंवर वाजले. चाचाने खालून विजेचं बटण बंद केलं आणि मला विचारलंही नाही. बरोबर केलं त्याने.

दोन भोकं राहिली. कवेलू ओली झाली की साबणासारखी होतात. म्हाताऱ्याने माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि वरच्या वाशाला पाय लावून बसला. मी स्क्रूड्रायव्हर घातला. तो जाड होता, भोकाची कड खरवडत होता, आत जात नव्हता. पाऊस आता सरळ डोळ्यांत येत होता. मी म्हटलं, बारीक काहीतरी द्या. म्हाताऱ्याने खाली बायकोला हाक मारून मोडकी छत्री मागितली. छत्री वर आली. त्याने दाताने कापड सोडवून तिची एक काडी मोडून माझ्या हातात दिली. काडी भोकात मापाने केल्यासारखी गेली. सातवं सुटलं. आठवं सुटलं.

मी खाली उतरले. शेडमध्ये थेंब पडायचे थांबले होते, पण अध्यक्षेला ते पुरेसं नव्हतं. तिने मागांच्या मधली जमीन पुसून घेतली, काचेच्या खाली जुने पेपर अंथरले आणि दाराला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली. म्हणाली, "रातभर पाणी येणारच आहे. एक पेपर ओला दिसला, तं सकायी पत्रे लागतील. मंग मले काई सांगू नका."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. कठाणीचा पूल बंद झाला होता, म्हणून आम्ही दोघं तिच्याच घरी राहिलो. पाऊस थांबला नाही.

सकाळी सहाला तिने कुलूप काढलं. सुतार हातोडी घेऊन दारात आला होता. पेपर कोरडे होते. चारही पट्ट्यांखालचे. आणि सातव्या भोकाच्या अंगाला, काचेच्या कडेपासून थोडा बाहेर, एक पेपर तळहाताएवढा भिजलेला होता.

अध्यक्षेने सुताराकडे पाहिलं. सातवं भोक मी काडीने केलं होतं, ते पुन्हा भरलं असेल असंच मला वाटलं.

वयस्क बाई पुढे आली. ती खाली बसली, पेपर उचलला आणि काचेखालच्या उजेडात धरून चांगल्या डोळ्याजवळ नेला.

"हे काचेचं पाणी नाई," ती म्हणाली. "काचेचं असतं तं काळं असतं, नाई तं पांढरं. हे लाल आहे. कवेलू फुटलं."

मग माझ्याकडे वळून: "काल कोनाच्या पायाखाली वाजलं?"

आता मात्र मी हसले. तिचा नवरा आधीच शिडीकडे निघाला होता. त्याने एक कवेलू बदललं, दुसरं सरळ केलं आणि खाली येऊन फुटलेले तुकडे माझ्यासमोर ठेवले. अध्यक्षेने ते पाहिले, पेपर पाहिला आणि सुताराला सांगितलं, बकऱ्यांच्या गोठ्याचं छप्पर काढून ठेव, पत्रे तिथे लाव.

पूल उघडेपर्यंत वेळ होता. मी गाडीत कायम पडलेला लाल ऑइलपेंटचा डबा आणि कुंचला काढला. म्हाताऱ्याला म्हटलं, ह्या भोकांचं काय करायचं ते मी सांगणार नाही, तुम्ही मला सांगा. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मइन्यातून एक डाव छत्रीची काडी घालाची. अन् वरून काईच लावाचं नाई."

फ्रेमच्या आतल्या पट्टीवर, जिथे खालून वाचता येईल अशा ठिकाणी, मी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. छत्रीची काडी तिथेच खिळ्याला टांगली. खाली त्याची बायको मागावर बसली होती, डागाळलेले धागे एकेक कापून नवे जोडत. रंग तिच्या ताण्यावर सांडू नये म्हणून तिने मला दोनदा बजावलं. मी डब्याचं झाकण लावलं आणि चाचाला हाक मारली. वेल्डिंगची पेटी त्याने न उघडताच परत गाडीत ठेवली, ह्या वेळी आवाज न करता.