डॅशबोर्डवरची भेग

"दादाची गाडी अर्ध्या किमतीत मिळतेय, आणि राणीसरकारांना कोरी करकरीत हवी?" नवऱ्याने विचारलं.

"लहान घेऊ, पण नवी घेऊ. त्या गाडीच्या डॅशबोर्डवर दादांनी जाऊबाईंचं कपाळ आपटलं होतं. भेग अजून दिसते."

"मग शीव की त्यावर कव्हर. जन्मभर लोकांच्या गाड्यांना तेच शिवत आलीस ना?"

"शिवेन. पण शेजारच्या सीटवर मीच बसायची. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात, मला भीती वाटते."

"भीती? थांब, दाखवतो."

त्याने मान पकडून तिचं कपाळ शिलाई मशीनवर आपटलं. अर्धवट शिवलेल्या रेक्झिनवर रक्त ठिबकलं.

"आता बोल. जुनी की नवी?"

तिने चिंधीने भुवई पुसली, मशीन उचलून छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडला.