गाणं शिकून काय करणार?

मला गाणं येत नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या गाण्याच्या शाळेबद्दल बोलायला लागले की कोणीतरी हमखास म्हणतं, "दीदी, एक भजन हो जाए." मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली. नट-बोल्टच्या नोंदी ठेवल्या आणि रिटायर झाले.

गाणं शिकायचं मात्र होतं. दहा वर्षांची होते तेव्हा बाबा मला सायकलवर बसवून दीक्षितपुऱ्यात, आमच्या हिंदी शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, घेऊन गेले. तिथं एक बाई मुलींना गाणं शिकवायच्या. ओसरीवर सात-आठ मुली बसल्या होत्या. बाईंनी बाबांना आडनाव विचारलं, राहता कुठं ते विचारलं, आणि म्हणाल्या, "जागा नाही हो." अर्धी ओसरी रिकामी होती. बाबा "अच्छा जी" म्हणाले आणि त्यांनी सायकल वळवली. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

रिटायर झाल्यावर कळलं की आमच्या वस्तीच्या समाजभवनात एक मास्तर मुलांना पेटी आणि गाणं शिकवतात. मास्तर म्हणजे रेल्वेतले रिटायर फिटर. त्यांचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, तिथून त्यांच्या हातात ती आली. मी दुसऱ्याच दिवशी गेले. कुलूप उघडणं, झाडू मारणं, दरी म्हणजे सतरंजी अंथरणं, हजेरी घेणं ही कामं मी माझ्याकडे घेतली. मुलं नाल्यापलीकडच्या झोपड्यांतली. कोणाची आई कॉलनीत भांडी घासते, कोणाचा बाप ई-रिक्षा चालवतो. मटाराच्या हंगामात अर्धी मुलं आईबरोबर शहपुऱ्याकडच्या शेतांत शेंगा तोडायला जातात. तेव्हा मी घरोघरी जाऊन सांगते, "संध्याकाळी परत आलं की पाठवा. हात धुवून पाठवा."

तीन वर्षं असं चाललं. मग एक शेठजी आले.

जयंतीच्या कार्यक्रमाला ते प्रमुख पाहुणे होते. आमच्या मुलांचं गाणं ऐकून त्यांनी खरोखर डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. आठवड्यानं ते समाजभवनात आले आणि म्हणाले की ते बारा शिलाई मशिनी देतात. इथं दिवसभर प्रशिक्षण केंद्र चालेल. गाणं काय, पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला होऊन जाईल.

"दीदी," त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "ये बच्चियाँ गाना सीखकर करेंगी क्या?"

मी विचारलं, "भैया, आपकी बिटिया क्या सीखती है?"

"कथक. और अभी गिटार का भूत चढ़ा है."

"वो सीखकर क्या करेगी?"

ते हसले. "अरे, वो तो शौक है."

"इनका भी शौक है," मी म्हटलं.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे शेजारी बसलेल्या समाजभवन समितीच्या अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष माझ्याच फॅक्टरीतले, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. शेठजी गेल्यावर ते माझ्यावर उखडले. "मोठा माणूस स्वतः दारात आला. तुम्ही काहून अडून बसल्या? गाण्यानं पोट भरते काय?"

"तुम्ही रोज रेडिओ ऐकता, तो काय पोट भरायला?"

"मी म्हातारा माणूस आहो."

"म्हणजे गाणं म्हाताऱ्यांनी ऐकायचं आणि पोरींनी शिवण शिवायचं. चांगलं आहे."

रविवारी आईबापांची सभा बोलावली. खरं सांगायचं तर माझी खात्री होती की सगळ्या बाया मशिनीच मागतील, आणि त्यांना दोष देण्याचा हक्क मला नव्हता. मला पेन्शन आहे. अध्यक्षांनी भाषण केलं. मग मागून एक बाई उठली. ती एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून सलवार-सूट शिवते. तिची मुलगी आमच्याकडे सगळ्यात चांगली गाते. बारा वर्षांची आहे, हट्टी आहे, आणि सूर सापडला नाही तर दरीवर मूठ आपटते.

"मशीन माझ्या घरी आहे," बाई म्हणाली. "सकाळपासून चालवूनच राहिली मी. पोरगी बघून बघून शिकली, तिला कोणी शिकवलं नाही. मशीन तो हम लोगों को अपने आप मिल जाती है. त्याच्यासाठी शेठजी कशाला लागते? पेटी नाही घरी. पेटी फक्त इथं आहे."

ती खाली बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मास्तरांकडे पाहिलं, ते आता तरी बोलतील म्हणून. ते नखं बघत बसले. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला.

हात वर करायला सांगितलं. मशिनी जिंकल्या.

सभा उठली तशी मी कोपऱ्यात गेले आणि पेटीची एक कडी धरली. त्या मुलीनं न सांगता दुसरी धरली. दारात अध्यक्ष उभे होते.

"पेटी समाजाची आहे," ते म्हणाले.

"मुलंही समाजाचीच आहेत. दोन्ही माझ्या घरी असतील. न्यायचं असेल तेव्हा दोन्ही घेऊन जा."

ते बाजूला झाले. मनातून त्यांनाही ते पटलं असावं असं मला कधी कधी वाटतं, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. भर दुपारी, सगळ्या वस्तीसमोरून, आम्ही दोघी ती पेटी घेऊन चालत आलो. मास्तर मागून तबल्याची जोडी काखेत घेऊन येत होते. घरी पोचल्यावर मी त्यांना सुनावलंच, "तुम्ही गप्प काहून बसले?"

"बोललो असतो तर आवाज चढला असता," ते म्हणाले. "अन् मग चार दिवस हात थरथरते माझा. शिकवू कसा?"

मी त्यांच्या काखेतली तबल्याची जोडी घेऊन खाली ठेवली.

आम्ही सोफा उचलून व्हरांड्यात ठेवला. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "मी बातम्या कुठं बघू?" मी म्हटलं, "मोबाइलवर." शेजारच्या घरातून तक्रार आली, त्यांच्या मुलाची परीक्षा होती. परीक्षेपुरतं आम्ही मुलांना दुपारी बोलावलं, नंतर पुन्हा संध्याकाळी. बावीस मुलं होती, त्यातली सात गेली. त्यातल्या दोघी आता समाजभवनात शिवण शिकतात आणि चांगलं शिवतात. रस्त्यात भेटल्या की लाजतात. मी म्हणते, लाजू नका, रविवारी येत जा. एक येते.

केंद्राच्या उद्घाटनाआधी शेठजींच्या ऑफिसातून फोन आला. बच्चों से स्वागतगीत करवा दीजिए, ड्रेस हम दे देंगे.

मी म्हटलं, "स्वागतगीत गाणार नाहीत. भूप राग गातील. पूर्ण. वीस मिनिटं लागतील, आणि पाहुण्यांना खाली बसून ऐकावं लागेल."

पलीकडचा माणूस गोंधळला. "पूछकर बताता हूँ, मैडम."

त्यानं पुन्हा फोन केला नाही. मग उद्घाटनाच्याच दिवशी, त्याच वेळेला, मी माझ्या खोलीत बैठक ठेवली. समाजभवनाचा लाउडस्पीकर इथवर ऐकू येत होता. मी खिडक्या बंद केल्या नाहीत. आया आल्या, काही कामावरून सरळ आल्या, भिंतीला टेकून बसल्या. ती हट्टी मुलगी मध्ये बसली. मास्तरांनी पेटीवर सूर धरला.

ती चांगली सुरुवात करून मध्येच घसरली. मास्तरांनी पेटी थांबवली. "पुन्हा." ती पुन्हा गायली आणि त्याच जागी अडली. सगळ्यांसमोर, आईसमोर, मास्तर परत म्हणाले, "पुन्हा." मला वाटलं, पोरगी आता उठून जाईल. तिनं दरीवर मूठ आपटली. तिच्या आईनं मांडी बदलली आणि आरामात भिंतीला टेकून बसली, तिला कुठंच जायची घाई नव्हती. बाहेर लाउडस्पीकरवर कोणाचं तरी भाषण चालू होतं. मुलीनं श्वास घेतला आणि षड्जापासून तिसऱ्यांदा सुरुवात केली.